चक्रीवादळात हे बंदर आपलं जहाज सांभाळेल का? नवख्यांसाठी बंदर तपासण्याची रीत

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आलं, तेव्हा ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज रत्नागिरीला किनाऱ्याजवळ आसऱ्यालाच होतं. वादळानं ते ढकलत नेलं आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याला भिडवलं. तेरा खलाशी सुखरूप बाहेर आले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत पडलं आणि पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत राहिले. बंदराच्या उंबरठ्यावरचं जहाज असं किनाऱ्याला लागतं, तर ‘आपण बंदरात आहोत’ या वाक्याचा नेमका अर्थ काय?

किनारपट्टीच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर, नव्यानं रुजू झालेले, छोट्या बंदरात पहिली नोकरी करणारे, वडिलांची नौका हातात घेतलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं बहुतेक कोकणातली आहेत, कारण तो किनारा मला ठाऊक आहे. रीत मात्र कुठल्याही बंदराला लागू पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. कुठलंही बंदर नुसतं ‘सुरक्षित’ नसतं. ते अमुक दिशेच्या वाऱ्यात, अमुक उंचीच्या पाण्यात, अमुक प्रकारच्या जहाजाला, अमुक तासांपुरतं सुरक्षित असतं. हे चारही अमुक भरता आले, तरच आपण बंदर तपासलं.

पायरी १ : बंदराचं तोंड मोजा

बंदराचा सागरी नकाशा घ्या. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा सोबतीला चालेल, पण पाण्याची खोली त्यात नसते. तुमचं जहाज जिथे उभं राहणार त्या जागेवर पेन्सिलनं टिंब काढा आणि तिथून चहूबाजूंनी रेघा ओढा. ज्या रेघा जमिनीला न अडखळता थेट खुल्या समुद्रात जातात, त्यांच्यामधला कोन म्हणजे तुमची उघडी खिडकी. तिच्या दोन्ही कडांच्या दिशा अंशांत लिहून ठेवा.

टिंब बंदराच्या मध्यावर काढू नका, आपल्या जागेवरच काढा. एकाच बंदरात शंभर मीटर इकडेतिकडे झालं तरी खिडकी बदलते. मुंबई बंदराला पश्चिमेकडून अख्ख्या शहराचा आडोसा आहे, पण त्याचं तोंड दक्षिण-नैऋत्येला उघडतं. त्यामुळे आत धक्क्याला बांधलेलं जहाज आणि बाहेर नांगरावर उभं असलेलं जहाज यांचं वादळ एकच नसतं. वेंगुर्ल्याला तर किनाऱ्यासमोरचा समुद्रच बंदर म्हणून वापरला जातो. मालवणला खडकांची रांग आडोसा देते, आणि समुद्र खवळला की तीच रांग आत शिरण्याची वाट अवघड करते.

लाट कोपऱ्यावरून वळते हेही लक्षात असू द्या. भूशिराला किंवा लाटरोधक बंधाऱ्याच्या टोकाला आपटून ती कमी होते, पण संपत नाही. म्हणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणखी वीस-तीस अंशांचा पट्टा ‘अर्धवट उघडा’ म्हणून रंगवून ठेवा. डोंगराचा आडोसाही असाच अर्धा भरवसा. कोकणातल्या सड्यांच्या, म्हणजे खडकाळ पठारांच्या, पायथ्याशी वारा कमी लागतो, पण कड्यावरून कोसळणारे झोत अचानक येतात आणि नांगरावरचं जहाज गरगर फिरवतात.

पायरी २ : वारा कसा फिरणार, ते बटर पेपरवर बघा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो, म्हणून या पायरीला वेळ द्या.

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो आणि थोडा आतल्या बाजूला कललेला असतो. बटर पेपरच्या तुकड्यावर मध्यभागी टिंब काढून त्याला केंद्र म्हणा. भोवती वर्तुळ काढून आठ दिशांना आठ बाण काढा, सगळे घड्याळाच्या उलट आणि वीसेक अंश आत वळलेले. आता हवामान खात्याच्या पत्रकातून वादळाची अपेक्षित वाट नकाशावर उतरवा आणि कागद त्या वाटेवरून सहा-सहा तासांच्या टप्प्यांनी सरकवत न्या. दर टप्प्याला तुमच्या बंदरावर जो बाण येईल, तो त्या वेळचा वारा.

वादळ अरबी समुद्रातून कोकणाला समांतर उत्तरेकडे चाललंय असं धरून एकदा करून बघा. आधी वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, म्हणजे जमिनीवरून. बंदरात पाणी जवळजवळ शांत असतं आणि लोक म्हणतात, ‘इथे काही होत नाही.’ केंद्र समोर आलं की वारा दक्षिणेचा होतो, पुढे गेलं की नैऋत्येचा आणि शेवटी पश्चिमेकडे झुकतो. म्हणजे सुरुवातीचे तास ज्या आडोशानं सांभाळलं, तो आडोसा ऐन जोरात पाठीमागे राहतो आणि समुद्र उघड्या खिडकीतून सरळ आत येतो. निसर्गच्या दिवशी रत्नागिरीसमोरून केंद्र वर सरकत गेलं आणि दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्या वेळी वारा ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. रत्नागिरी वादळाच्या वाटेच्या उजवीकडे होती.

हीच ती उजवी-डावी बाजू. वादळाच्या पाठीमागे उभं राहून ते जातंय त्या दिशेला तोंड करा. आपल्या गोलार्धात उजव्या हाताची बाजू धोक्याची, कारण तिथे वाऱ्याचा स्वतःचा वेग आणि वादळाच्या चालीचा वेग एकमेकांत मिसळतात. किनाऱ्यावर येणाऱ्या वादळात समुद्राचं पाणी जमिनीवर ढकललं जातं तेही याच बाजूला. डाव्या बाजूला वारा उलट क्रमानं फिरतो, पूर्वेकडून ईशान्येला, मग उत्तरेला आणि वायव्येला. निसर्गच्या वेळी मुंबई डाव्या बाजूला राहिली. तेच वादळ मुंबईच्या थोडं उत्तरेला किनाऱ्यावर आलं असतं तर शहर उजव्या बाजूला आलं असतं. म्हणून एकाच वाटेवर विसंबू नका. पत्रकात दाखवलेल्या वाटेच्या शंभर किलोमीटर इकडून आणि शंभर किलोमीटर तिकडूनही कागद सरकवून बघा. तिन्ही वेळा तुमच्या खिडकीतून वारा येत नसेल, तरच निश्चिंत व्हा.

केंद्र थेट बंदरावरून जाणार असेल तर मध्ये काही वेळ वारा पडतो. नंतर तो बरोबर उलट्या दिशेनं आणि तितक्याच जोरानं सुरू होतो. त्या शांततेत दोर सैल करायला धक्क्यावर उतरलेल्या माणसांना परत चढायला वेळ मिळत नाही. दोन्ही दिशांचे दोर आधीच बांधलेले हवेत.

किनाऱ्यावर उभ्या-उभ्या केंद्र कुठे आहे हे ताडायचं असेल तर वाऱ्याकडे तोंड करा. केंद्र तुमच्या उजव्या हाताला, किंचित मागे असतं. वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत गेला तर तुम्ही उजव्या बाजूला आहात, उलटा फिरला तर डाव्या. दिशा तशीच राहून जोर वाढत आणि हवेचा दाब उतरत असेल, तर वादळ तुमच्याच अंगावर येतंय.

इथे पावसाळ्याबद्दल एक इशारा. कोकणातल्या बंदरांची कीर्ती पावसाळ्यावर ठरलेली आहे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरनं विजयदुर्गची वाखाणणी केली ती याचसाठी, की त्याच्या मुखाशी वाळूचा आडवा पट्टा नाही आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यातही आत येता येतं. ती वाखाणणी योग्यच आहे. पण ‘पावसाळ्यात चांगलं’ म्हणजे पश्चिम-नैऋत्येच्या वाऱ्यात चांगलं. चक्रीवादळात उत्तरेचा आणि वायव्येचा वाराही येतो, विशेषतः बंदर डाव्या बाजूला असेल तेव्हा. उत्तरेला तोंड असलेली जागा पावसाळाभर नौका सुखानं सांभाळेल आणि वादळात एका रात्रीत दगा देईल.

पायरी ३ : पाणी किती चढेल

वारा दिसतो, पाणी दिसत नाही, आणि बंदरात जास्त नुकसान पाणीच करतं. चार गोष्टींची बेरीज करायची असते : त्या वेळची भरती, वादळानं ढकलून आणलेला फुगवटा, दाब कमी झाल्यानं आलेली वाढ आणि वरची लाट. हवामान खातं ‘भरतीच्या वर इतके मीटर’ असा जो आकडा देतं, त्यात फुगवटा आणि दाब दोन्ही आलेले असतात. दाब एक हेक्टोपास्कल उतरला तर पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, त्यामुळे त्याचा वाटा लहान. खरं काम वारा आणि उथळ तळ करतात. निमुळत्या आखातात हे पाणी कोंडून आणखी चढतं. ९ जून १९९८ला गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळात कच्छच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या कांडला बंदराची दैना झाली. जहाजं किनाऱ्यावर फेकली गेली आणि आसपासच्या मिठागरांतली असंख्य माणसं बुडाली.

आता आकडेमोड. समजा धक्क्याचा माथा नकाशाच्या शून्य पातळीपासून ५.५ मीटर वर आहे. त्या दिवशीची भरती ४.४ मीटर, फुगवटा १ मीटर आणि आतल्या लाटेची वरची अर्धी उंची ०.७ मीटर. बेरीज ६.१ होते. म्हणजे लाटेचा माथा धक्क्याच्या ६० सेंटिमीटर वरून जाणार. जहाजाचं अंग धक्क्यावर घासणार, दोरांचे कोन बदलणार आणि बांधणीचे खुंट पाण्याखाली जाणार. तरंगती जेट्टी असेल तर ती ज्या खांबांवर वर-खाली सरकते, त्यांची उंची याच बेरजेशी ताडून बघा. खांब बुटके असले तर जेट्टी त्यांच्या डोक्यावरून निसटून वाहत जाते. लाटरोधक बंधाऱ्याचंही तसंच. पाणी दीड मीटर चढलं म्हणजे बंधारा दीड मीटरनं बुटका झाला.

भरतीचं वेळापत्रक इथे निर्णायक ठरतं. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरच्या वर जाते, गोव्याला ती साधारण दोन मीटर, भावनगरला दहाच्या आसपास. वादळ नेमक्या भरतीला आलं की ओहोटीला, यावर मुंबईत सगळंच बदलतं. गोव्यात तितका फरक पडत नाही. निसर्ग वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी आलं, म्हणजे उधाणाच्या दिवसांतच. वादळाची वेळ काही तासांनी चुकते हे गृहीत धरून बेरीज नेहमी मोठ्या भरतीवरच करा. उलटी बाजूही एकदा तपासा. जमिनीवरून जोराचा वारा आणि त्यात ओहोटी असेल तर पाणी नेहमीपेक्षा खाली जातं आणि धक्क्याला बांधलेलं जहाज तळाला टेकतं.

खाडीतल्या बंदराला आणखी एक पाणी असतं, ते सह्याद्रीवरून येणारं. आपल्या नद्या आखूड आणि उताराच्या. वादळाचा पाऊस घाटात पडला की काही तासांत पूर खाडीत उतरतो आणि सोबत झाडं, ओंडके, सुटलेल्या होड्या घेऊन येतो. वरून पूर आणि समोरून समुद्र, अशा वेळी खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या राहतात.

पायरी ४ : तळ आणि नांगर

तळाचा प्रकार नकाशावर लिहिलेला असतो. घट्ट चिकट चिखल उत्तम, वाळू मध्यम. मऊ गाळात नांगर हळूहळू ओढला जातो. खडकावर एक तर तो धरत नाही, किंवा अडकला तर सुटत नाही.

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० किलोमीटरला नांगर व्यवस्थित धरतोय म्हणून १२०ला कदाचित थोडा कमी धरेल, असा हिशेब चालत नाही. १२०ला रेटा चौपट होतो. रिकामं जहाज पाण्याच्या वर जास्त निघालेलं असतं आणि वाऱ्याला तेवढं अंग देतं, म्हणून टाक्यांत पाणी भरून ते जड करा.

साखळी एरवी खोलीच्या पाच ते सात पट सोडतात. वादळात आठ ते दहा पट हवी. खोली मोजताना चढणारं पाणी आणि पाण्यापासून नाळेवरच्या (जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या) साखळीच्या भोकापर्यंतची उंची दोन्ही धरा. १२ मीटर पाणी, २ मीटर वाढ, ६ मीटर उंची, झाले २०. त्याच्या आठ पट म्हणजे १६० मीटर साखळी. जहाज ९० मीटरचं असेल तर नांगराभोवती २५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ मोकळं लागेल. आता नकाशावर कंपास ठेवून तसं वर्तुळ काढा. कोकणातल्या बहुतेक खाड्यांत ते वर्तुळ कुठल्या तरी खडपाला, पुलाला किंवा शेजारच्या जहाजाला छेदतं. छेदलं, तर ही जागा तुमच्या जहाजाची नाही. मच्छीमार नौकेला मात्र ती पुरेशी असू शकते.

शेजारी कोण आहे हेही नीट बघा. तुमचा नांगर धरेलही, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला जुनाट, बिनइंजिनाची, माणूस नसलेली बार्ज उभी असेल तर ती सुटून तुमच्यावरच येणार. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे २०२१मध्ये, मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ या बार्जचे नांगर टिकले नाहीत. बार्ज भरकटून बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, त्यांतली सत्तरहून अधिक गेली. स्वतःचं इंजिन नसलेल्या कुठल्याही जहाजाबाबत ‘नांगर आहेत ना’ हे उत्तर कधीही पुरेसं मानू नका.

पायरी ५ : धक्का आणि दोर

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. खुंट पक्के आहेत की बुडाशी काँक्रीट फुटलंय? दोर घासणार त्या कडा गोल आहेत का? जहाज धक्क्यापासून दूर ढकलणारा वारा येणार की धक्क्यावर चेपणारा, आणि चेपणारा असेल तर टायर पुरतील का? क्रेन बांधून ठेवतात का? रिकामे डबे, पत्रे, जाळ्यांचे ढीग उडून कुठे जातील? वीज गेली तर धक्क्यावर उजेड राहील का? नौका एकमेकींना बांधून आठ-आठची रांग लावतात, तेव्हा शेवटच्या नौकेचा सगळा भार पहिलीच्या दोरावर येतो. रांग जितकी लांब, तितका पहिल्या दोराचा भरवसा कमी.

पायरी ६ : घड्याळ उलटं चालवा

बंदर पुरेसं नाही असं ठरलं, तर बाहेर पडायला किती तास आहेत? ‘वादळ परवा येणार’ हे उत्तर नव्हे.

केंद्र ६०० किलोमीटरवर आहे आणि ताशी २० किलोमीटरनं येतंय, म्हणजे ३० तास. पण जोराचा वारा केंद्राच्या पुढे १५० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. तो ४५० किलोमीटर चालून आला की तुमची मुदत संपली, म्हणजे साडेबावीस तास. वादळानं चाल वाढवून ताशी २५ केली तर १८. जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट आणि ओढून नेणारे टग वारा शिगेला पोहोचेपर्यंत काम करत नाहीत, त्यांचे चार तास वजा करा, राहिले १४. माल बांधणं, झाकणं बंद करणं, इंजिन तयार करणं यांत सहा गेले. उरलेल्या आठ तासांत खाडीच्या मुखावरून जाता येईल अशी भरती कदाचित एकदाच येईल, तीही रात्री. तीस तासांचा निर्णय असा त्याच संध्याकाळी घ्यावा लागतो. ही वजाबाकी प्रत्येकानं एकदा तरी हातानं करून बघावी, असं मला फार मनापासून वाटतं. आकडे समोर आल्यावर ‘सकाळी बघू’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

मुखाशी वाळूचा पट्टा असलेल्या खाडीत वेळ आणखी आधी संपतो. बाहेर लाट मोठी झाली की पट्ट्यावर ती फुटू लागते आणि वादळ यायच्या एक दिवस आधीच दार बंद होतं. हे आत येणाऱ्यालाही लागू. पट्ट्यावर लाट फुटताना दिसली तर पलीकडचं शांत पाणी विसरा.

बाहेर जाण्याच्या बाजूला किती मोकळं पाणी मिळतं तेही लिहून ठेवा. वाट कुठली धरायची हे कप्तान ठरवेल. बंदर तपासणाऱ्यानं एवढंच सांगायचं, की किनारा आणि वादळ यांच्यामध्ये चिणलं जाण्याआधी जहाज किती दूर पोहोचू शकेल.

न निघण्याची किंमत काय असते, ते सामोआतल्या आपिया बंदरात १८८९च्या मार्चमध्ये दिसलं. अमेरिका आणि जर्मनीच्या प्रत्येकी तीन आणि ब्रिटनची एक अशा सात युद्धनौका त्या अरुंद, उत्तरेला उघड्या, दोन्ही बाजूंना प्रवाळखडक असलेल्या बंदरात होत्या. राजकीय चढाओढीत आधी कोणी हटायचं, यावर सगळ्या थांबून राहिल्या. वादळ आलं तेव्हा फक्त ब्रिटनची ‘कॅलिओप’ पूर्ण ताकदीनं इंजिन चालवून, इंचाइंचानं बाहेर पडली. बाकीच्या सहाही फुटल्या किंवा किनाऱ्यावर चढल्या.

पायरी ७ : कोणत्या जहाजाला काय

मोठं, स्वतःचं इंजिन असलेलं, खोल समुद्रात चालणारं जहाज बहुतेक वेळा वेळेत बाहेर पडलेलं बरं. म्हणूनच मोठी बंदरं वादळाआधी धक्के रिकामे करून घेतात. किनारपट्टीच्या बार्जला आणि टगला समुद्र झेपत नाही, त्यांनी लवकरात लवकर खोल आतली जागा गाठावी. मच्छीमार नौकांनी खाडीत शक्य तितकं आत, वळणाच्या पलीकडे जावं, पण पुराच्या मुख्य धारेत उभं राहू नये. मराठ्यांच्या आरमाराची गोदी विजयदुर्गच्या समुद्राकडच्या तोंडावर नसून वाघोटण खाडीत आत, गिर्ये इथे होती. जहाज कुठे ठेवावं याचं शहाणपण या किनाऱ्याला जुनंच आहे.

नौका वाचवायला माणसं तिच्यावर ठेवायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे : ठेवू नका. देवगड हे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नौकांचं आसऱ्याचं ठिकाण आहे. २०१९च्या क्यार वादळात परराज्यांतल्या नौकाही तिथे येऊन थांबल्या होत्या. तरी तौक्तेत त्याच देवगडच्या आनंदवाडीत नांगरलेल्या नौका सुटून भरकटल्या आणि खलाशी दगावले.

पायरी ८ : बावटा वाचायला शिका

वादळाच्या इशाऱ्यासाठी बंदरावर लागणाऱ्या बावट्याच्या क्रमांकांचा अर्थ किनाऱ्यावरच्या बऱ्याच जणांना ‘आकडा मोठा, धोका मोठा’ एवढाच माहीत असतो. त्यात आणखी माहिती आहे. १ आणि २ म्हणजे दूर समुद्रात काहीतरी आहे, बंदराला अजून धोका नाही. २ लागला असेल तर बाहेर निघणाऱ्या जहाजांनी सावध व्हावं. ३ म्हणजे बंदरातच वादळी वाऱ्याची शक्यता. ४ म्हणजे चक्रीवादळाचा बंदराला धोका, पण टोकाचे उपाय करण्याइतका अजून नाही. पुढचे तीन आणि त्यानंतरचे तीन या जोड्या आहेत. ५ म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहणार, ६ म्हणजे उजवीकडे, ७ म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार. ८, ९ आणि १० यांचा अर्थ त्याच क्रमानं तोच, फक्त वादळ तीव्र. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला.

म्हणजे ५ आणि ६ यांत फरक तीव्रतेचा नाही, बाजूचा आहे. बटर पेपरचं काम केलं असेल तर ६ लागल्याबरोबर वारा कसा फिरणार हे तुम्हाला पाठ असेल. मात्र ५ लागेपर्यंत थांबून मग ठरवायला सुरुवात करू नका. हवामान खात्याचा पहिला इशारा साधारण ७२ तास आधी येतो, पुढचे ४८ आणि २४ तास आधी. तुमचं घड्याळ पहिल्या इशाऱ्याबरोबर सुरू झालं पाहिजे.

वादळाच्या नावापुढच्या विशेषणावरही जाऊ नका. ११ नोव्हेंबर २००९चं फयान तीव्रतेच्या यादीत अगदी खालच्या पायरीवरचं चक्रीवादळ होतं. पण ते ऐन मासेमारीच्या हंगामात आलं, नौका बाहेर होत्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं परतली नाहीत. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मासेमारीची बंदी जून-जुलैत, म्हणजे दुसऱ्या हंगामात नौका समुद्रातच असतात.

पायरी ९ : म्हाताऱ्या तांडेलाला (मच्छीमार नौकेच्या म्होरक्याला) विचारा, पण नेमकं विचारा

‘इथे वादळात काय होतं?’ असं विचारलं तर ‘काय नाय होत’ हे उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा : पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? वारा आधी कुठून होता आणि मग कुठून? कुठली नौका सुटली आणि कुठे जाऊन लागली? सुटलेल्या नौका दर वेळी एकाच जागी जाऊन लागत असतील, तर पाण्याचा आणि वाऱ्याचा जोर कुठे वळतो हे त्या जागेनंच सांगितलं. ती नकाशावर फुलीनं दाखवा. बंदर कार्यालयातल्या जुन्या नोंदी, देवळाच्या पायरीवरची पाण्याची खूण, खाडीकाठच्या घरांच्या भिंतींवरचे ओलीचे पट्टे, सगळं उपयोगी. मात्र एखाद्या वादळात बंदर वाचलं म्हणून पुढच्यातही वाचेल असं धरण्याआधी, ते वादळ डावीकडून गेलं होतं की उजवीकडून हे तपासा.

शेवटी हे सगळं एका पानावर उतरवा : उघडी खिडकी अंशांत, धोक्याचा वारा कुठला आणि तो वादळाच्या कुठल्या वाटेवर येतो, पाण्याची सगळ्यात वाईट बेरीज, नांगराचं वर्तुळ बसतं की नाही, मुखाशी खोली किती आणि किती मीटर लाटेला दार बंद होतं, निघायचं ठरलं तर किती तास आधी. हे पान मे महिन्याच्या सुरुवातीला आणि गणपतीनंतर, असं वर्षातून दोनदा ताजं करा, कारण गाळ सरकतो, नवे बंधारे होतात, शेजारी नवी बार्ज येऊन उभी राहते.

वादळ गेल्यावर बंदर तेच राहिलेलं नसतं. पुरानं मुखाशी नवा गाळ टाकलेला असतो, बोये जागेवरून सरकलेले असतात आणि पाण्याखाली बुडालेली होडी, तुटलेला नांगर, जाळ्यांचे गुंते दडलेले असतात. बाहेर पडण्याआधी छोट्या होडीतून वाव टाकत, म्हणजे दोरानं खोली मोजत, मुखापर्यंत एकदा जाऊन या, आणि पानावरचा खोलीचा आकडा खोडून नवा लिहा.